सोमवारचं वजन

छातीतली गाठ मला आंघोळ करताना हाताला लागली, तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. गाठ दुखत नव्हती, म्हणून मी सहा महिने गप्प राहिले. दुखली असती तर बोलले असते. परतूरजवळच्या आमच्या गावात बाईनं अंगावरचं असलं काही सांगायचं ते सासूला नाहीतर जावेला, आणि त्यांनी ते पुरुषांच्या कानावर घालायचं. जाऊ माझ्याहून लहान, तिच्या मांडीवर तान्हं मूल. राहिल्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे आणि कामापुरतंच बोलत असे.

आत्याबाई ह्यांच्या सख्ख्या आई नव्हत्या. ह्यांची आई बाळंतपणात गेली तेव्हा हे चार वर्षांचे होते. वर्षाच्या आत आत्याबाई त्या घरात आल्या आणि पुढं त्यांना मुलगा झाला, तो माझा दीर. हे त्यांना आई न म्हणता बाई म्हणत. भांडण कधी ऐकलं नाही. पण लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे ताटात पडेल तेवढंच खात, भराभर खात, आणि परत कधी काही मागत नसत. मी वाढायला वाकले की हात आडवा करीत. मला वाटलं, सवय असेल.

गाठ वाढत काखेपर्यंत गेली आणि चोळीला लाल पाणी लागायला लागलं, तेव्हा कुठं आत्याबाईंना कळलं. त्यांनी चोळी हातात घेऊन उजेडात धरली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कवापासून?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून आम्ही परतूर गाठलं आणि तिथून रेल्वेनं जालन्याला गेलो. तिथल्या दवाखान्यात बायांची डॉक्टरीण होती. तिनं चार दिवसांत ऑपरेशन केलं. शुद्धीवर आले तेव्हा उजव्या अंगाला जाड पट्टी होती आणि तिच्याखाली काही नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी ह्यांना आणि आत्याबाईंना समोर बसवलं. अडखळत मराठी बोलत त्या. "गाठ काढली, पण मुळं राहिली असतील. हैदराबादला विजेच्या मशीनचा शेक मिळतो. तिथं न्या. पण हिच्या अंगात रक्त नाही. दूध द्या, अंडी द्या, डाळ द्या. खाल्लं नाही तर शेक सोसणार नाही."

ते लढाईचे दिवस होते. ज्वारी निघाली की सरकारी लेव्हीत जाई, साखर दिसेनाशी झालेली. आणि अंडं तर आमच्या घरात येतच नसे, कारण आत्याबाई माळकरी. हैदराबादेला महिना दीड महिना राहायचं, तर माझ्यासोबत बाईमाणूस हवं. जाऊ येऊ शकत नव्हती. माझी आई कधीच वारलेली.

"मी जाते तिच्यासंगं," आत्याबाई म्हणाल्या. "पोरीलाबी घ्या. इथं कोण बघल तिच्याकडं."

दवाखान्याच्या मागं एक सराय होती. बाहेरगावच्या रोग्यांना तिथं खोली मिळे. ह्यांनी आम्हाला तिथं उतरवलं, ज्वारीचं पीठ, डाळ, गूळ, आमटीत घालायचं येसराचं पीठ असं घरून आणलेलं सामान लावून दिलं, एका गवळ्याकडं रोजचा तांब्याभर दुधाचा रतीब लावला आणि शेतीसाठी परत गेले. पंधरा दिवसांनी एकदा येऊन जात.

तिथले डॉक्टर उर्दू बोलणारे, वयस्क. कागदावर बघून ते कंपौंडरला म्हणाले, "सरतान." बाहेर आल्यावर आत्याबाईंनी मला विचारलं, "काय म्हन्ले?" मला तरी कुठं माहीत होतं? शेजारच्या खोलीत एक मुसलमान बाई होत्या, सगळे त्यांना खाला म्हणत; त्यांनी सांगितलं. त्या बीदरकडच्या. त्यांच्या नवऱ्याला घशात तेच झालं होतं. "खेकडा," त्या म्हणाल्या, आणि हाताची बोटं वाकवून दाखवली. माझी पोरगी हसली. तिला तो खेळ वाटला.

शेक म्हणजे टेबलावर पडून राहायचं आणि वर मशीन घुमत असायचं. दुखत काही नसे. पण चौथ्या दिवसापासून मळमळ सुरू झाली. करडईच्या तेलात फोडणी पडली की मी खोलीबाहेर पळायची. मला आवडणाऱ्या येसराच्या आमटीचा वास ओल्या राखेसारखा यायला लागला. भाकरी चघळली की तोंडात लोखंड चघळल्यासारखं व्हायचं. पाण्यालासुद्धा तांब्याची चव लागायची. दुपारपर्यंत मी काही खात नसे, आणि दुपारी पोट रिकामं म्हणून आणखी मळमळ.

खालांनी ते दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "भूक लगेगी बोलके नक्को बैठ, बेटी. नै लगती. थोडा थोडा खाती रह, ठंडा करके खा. गरम का बास आता." त्यांनी आत्याबाईंना चिंचेच्या पाण्यात गूळ आणि जिरं घालून दिलं, आणि शेकाला जाण्याआधी दोन घास कोरडे फुटाणे खायला लावले.

आत्याबाईंनी स्वयंपाकच बदलला. ज्वारी जाडसर भरडून तिच्या मऊ कण्या शिजवायच्या, गार करून ताकात कालवायच्या. फोडणी बंद. मला उजवा हात तोंडापर्यंत नेता येत नसे, काख ओढायची. पहिल्या दिवशी मी डाव्या हातानं खायला लागले तर त्यांनी वाटी ओढून घेतली. "डाव्या हातानं न्हाई जेवायचं," म्हणाल्या, आणि स्वतः भरवायला लागल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्यांच्या हातचा घास मी तेव्हा पहिल्यांदा खाल्ला.

अंडी खाला आपल्या भांड्यात उकडून आणून देत. मी खाताना आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसत. माळेला हात धरून बसत. झालं की वळून टरफलं किती आहेत ते बघत. दोन अंड्यांची टरफलं दिसली की उठून राख घालून ती जागा सारवून घेत. अंड्याला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही, पण ती खाल्ली की नाही हे पाहिल्याशिवाय एक दिवस सोडला नाही.

दूध मात्र कठीण होऊन बसलं. तांब्याभर दूध, ते सगळं माझं. पोरीला त्यातलं काही द्यायचं नाही असा आत्याबाईंचा नियम. पोरीला कण्या, भाकरी, गुळाचा खडा. शहरात येऊन तिला खोकला लागला होता आणि मानेची हाडं वर आली होती. मी दूध प्यायला घेतलं की ती दाराशी जाऊन रस्त्याकडं बघत बसायची. तिनं मागितलं असतं तर मी रागावले असते. पण ती बघायचंच टाळायची, आणि ते मला सहन झालं नाही.

आत्याबाई नळावर धुणं घेऊन गेल्या की मी तिला बोलवायची. ती उभ्यानं, श्वास न घेता प्यायची. ओठ पुसून द्यायची मी. "आजीला न्हाई सांगायचं," म्हणायची. तिनं एकदाही सांगितलं नाही. पाच वर्षांच्या पोरीनं तोंड इतकं मिटून ठेवावं, याची मला आता भीती वाटते. तेव्हा सोय वाटली.

दवाखान्यात दर सोमवारी वजन करीत. लोखंडी काटा होता, त्यावर उभं राहायचं आणि नर्स वजनं सरकवायची. दुसऱ्या सोमवारी माझं वजन उतरलं होतं. तिसऱ्या सोमवारी आणखी. डॉक्टरांनी चष्मा काढून आत्याबाईंना विचारलं, "अम्मा, इसे खिलाते नहीं क्या?"

आत्याबाईंचा चेहरा काळवंडला. "खिलाती हूं साब. दूध, अंडे, सब बराबर."

"फिर जाता कहां है?" ते म्हणाले. पुढच्या सोमवारी वजन आणखी उतरलं तर शेक बंद करायचा, घरी पाठवायचं, आणि अंग भरल्यावर परत आणायचं, असं त्यांनी सांगितलं.

परत आणायचं. मला माहीत होतं, एकदा गावी गेले की कुणी परत आणणार नाही. ह्यांच्या मनात नसतं म्हणून नव्हे. नांगरणी, पेरणी, कापणी, कुणाचं आजारपण, काही ना काही निघालंच असतं. आणि तोवर घशाखालून कण्यासुद्धा जाईनाशा झाल्या होत्या. गिळलं की छातीमागं निखारा उतरल्यासारखं व्हायचं. दूध तेवढं त्यातल्या त्यात सोपं जायचं. तरीही मी अर्धंअधिक पोरीला देत राहिले. मी तेव्हा नीट विचार करत होते असं मला म्हणता येत नाही. पोरीचं तोंड दुधानं ओलं झालं की मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, एवढंच.

सोमवारी सकाळी मी खलबत्त्यातला पितळी बत्ता घेतला आणि लुगड्याच्या ओच्यात बांधला.

वजन वाढलं. नर्सनं दोनदा पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "शाबाश." आत्याबाईंनी सरायीत आल्यावर गुळाची ढेप फोडली आणि ओळीतल्या सगळ्या खोल्यांत खडा खडा वाटून आल्या. खालांच्या नवऱ्याला तोवर पाणीही गिळता येत नव्हतं. खालांनी गूळ घेतला, कपाळाला लावला आणि पदरात बांधला. मी आत भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

पुढच्या सोमवारी बत्ता बांधून मी काट्यावर चढले, आणि नर्स वजन सरकवत असतानाच माझ्या डोळ्यांपुढं अंधार आला. पडले ते कळलं नाही. बत्ता फरशीवर आपटल्याचा आवाज मात्र ऐकला. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर वाकून बघत होते आणि त्यांच्या हातात आमचा बत्ता होता. ते रागावले नाहीत. बत्ता त्यांनी आत्याबाईंच्या हाती दिला आणि शेक आठ दिवस बंद, असं कागदावर लिहिलं.

सरायीत परत आल्यावर आत्याबाईंनी खोलीचं दार लोटून घेतलं. "दूध कुठं जात व्हतं?"

कोपऱ्यातून पोरगी म्हणाली, "मी पेत व्हते, आजी."

आत्याबाईंनी तिचा दंड धरला. मी उठू शकत नव्हते, पण ओरडले. त्या घरात आल्यापासून मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. "तिला हात लावू नका! मी दिलं. माझ्या हातानं दिलं."

त्यांनी पोरीला सोडलं. मला वाटलं आता मला मारतील. पण त्या खाली बसल्या, माझ्या पायांशी.

"दुधाबिगर पोरगी मरत न्हाई," त्या म्हणाल्या. "तू मरशील. मंग हिला कोन वाढल? तुझा नवरा दुसरी करून आनल. ती काय वाईट न्हाई राहनार. मीबी वाईट न्हवते. पर ताट वाढाया बसलं की हात आपसूक वळतो, माय. माझा वळला. तुझ्या नवऱ्याला मी उपाशी न्हाई ठिवलं, पर साय माझ्या लेकाच्या वाटीत पडायची. गरम भाकर त्याला, सकाळची ह्याला. ह्यानं कंदी मागलं न्हाई. लहान व्हता, तरी मागलं न्हाई. मला समदं दिसत व्हतं, अन् मी करत व्हते."

ह्यांचा आडवा केलेला हात माझ्या डोळ्यांपुढं आला. मला आत्याबाईंचा रागही आला, खोटं कशाला लिहू. आजारी माणसाच्या पायाशी बसून असलं सांगतात का, असंही वाटलं. आणि तरी त्या क्षणापासून पोरीला आडून दूध द्यायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून खोलीत दोन तांबे दूध यायला लागलं. एक माझा, एक पोरीचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "गवळ्यानं वाढवून दिलं." धुणं धुवायला त्यांना पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला. चार-पाच दिवसांनी त्या मला भरवत होत्या तेव्हा त्यांच्या नखांच्या कडा हिरवट-काळ्या दिसल्या. बोटांना वास होता. हात त्यांनी घासून धुतलेले होते, तरी वास राहिला होता. गवळ्याच्या म्हशींच्या शेणाच्या गवऱ्या थापून त्या पोरीचं दूध आणत होत्या. गावात आमची चार बैलांची शेती. घरी शेण काढायला गडी.

"तुझ्या नवऱ्याला सांगू नको," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी दूध गार करून, घोट घोट, दिवसभर पीत राहिले. अंडी मऊ उकडून दुधात कुस्करून गिळायची. मुगाचं कढण, पिकलेलं केळं ताकात कालवून. चव कशालाच नव्हती. औषध घ्यावं तसं खायचं. एका घासाला डोळ्यांत पाणी यायचं आणि आत्याबाई दुसरा घास हातात घेऊन थांबायच्या, घाई न करता. आठ दिवसांनी वजन थोडं वर आलं, बत्त्याशिवाय. शेक पुन्हा सुरू झाला. त्याच आठवड्यात खालांचा नवरा गेला. त्या निघाल्या तेव्हा मला अंडी उकडायचं भांडं देऊन गेल्या. पुढं हे आले की अंडी उकडून ठेवत, नसले की मी स्वतः डाव्या हातानं.

शेक संपवून आम्ही गावी आलो तेव्हा ज्वारी पोटरीला आली होती. स्टेशनवरून गाडीत बसले आणि वाटलं, आता संपलं. पण घरी पोचल्यावर पहिल्या जेवणाला जावेनं माझं ताट वेगळं मांडलं. जर्मन धातूचं, नवं. तांब्याही वेगळा. "लेकरं हायत घरात, जाऊबाई," ती खाली बघत म्हणाली. "लोकं म्हन्त्यात, किडा उडतो."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. दीड महिना त्यांनी मला हातानं भरवलं होतं, माझ्या वाटीत उरलेल्या कण्या त्यांनीच खाल्ल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असू दे. काही दिस ऱ्हाऊ दे." आणि आपल्या सख्ख्या लेकाच्या तान्ह्याला मांडीवर घेऊन बसल्या.

ते काही दिवस वर्षभर चालले. मी ओसरीच्या कडेला बसून त्या ताटात जेवत असे. पोरगी माझ्याजवळ जेवायला आली की घरातली माणसं तिला हाक मारून आत बोलावून घेत. एकदा ह्यांनी आपलं ताट उचललं आणि माझ्याजवळ येऊन बसले. जेवून उठले. त्या दिवसापासून रोज तिथंच बसत. आत्याबाई आतून बघत आणि वाढायला जावेला पाठवत.

भूक परत आली ती हिवाळ्यात. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी केली होती, तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता, आणि मला एकदम जाणवलं की तो वास भाकरीचाच आहे. मी दीड भाकरी खाल्ली आणि आणखी मागितली. जाऊ दचकली. घरात सून अशी मागत नसे. पण तिनं आणून दिली. नंतर रात्रभर पोट दुखलं, तरी मी कुणाला सांगितलं नाही.

हात मात्र सुजला तो सुजलाच. भाकरी थापायला बसले की कोपरापर्यंत जड व्हायचा. जात्यावर तर बसताच येईना. घरात काम न करणाऱ्या बाईनं दूध-तूप खावं हे कुणाला पटत नसतं, मलाही पटत नव्हतं. दूध हळूहळू बंद झालं, कुणी बंद करा म्हटलं नाही तरी. मी डाळ आणि शेंगदाणे खात राहिले, ते कुणाच्या डोळ्यात येत नसत.

आत्याबाई वारल्या त्या वर्षी सगळीकडं रझाकारांची धामधूम होती. लोक गाव सोडून निजामाच्या हद्दीपलीकडं जात होते, आमचंही सामान गाडीत भरलेलं होतं. आत्याबाईंना ताप आला आणि दोन दिवसांत संपलं. त्या दोन दिवसांत त्यांनी फक्त पाणी मागितलं. मी कण्या शिजवून नेल्या, पण त्यांची दातखीळ बसलेली. त्यांना काही करून घालायला मला सवडच मिळाली नाही.

दहाव्याला मी ह्यांना हैदराबादच्या गवऱ्यांचं सांगितलं. सायीचं सांगायचं नव्हतं, पण तेही तोंडातून गेलं.

"सायीचं मला ठाव व्हतं," ते म्हणाले. मग विचारलं, "किती दिवस थापल्या?"

"शेक संपेपर्यंत."

"मला सांगायचं व्हतंस. मी आणखी रतीब लावला असता."

"त्यांनी नको म्हटलं होतं."

ते उठले आणि गाडीचे दोर आवळायला लागले, कारण अंधार पडायच्या आत निघायचं होतं. मी पोरीला हाक मारली. ती आली, आणि मी तिच्या हातात वाटेसाठी बांधलेल्या भाकरींचं गाठोडं दिलं.